‘सिंहासन’ आणि गोरेगाव

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ हा बोलपट काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. सत्तेच्या दालनात माणसे कशी बोलतात, कशी गप्प बसतात आणि एकमेकांची किंमत कशी ठरवितात, हे इतक्या निर्विकारपणे दाखविणारी दुसरी मराठी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री, डॉ. लागूंचे विश्वासराव दाभाडे, निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस, यांपैकी एकही भूमिका जवळजवळ चार तपांनंतर शिळी वाटत नाही. कृती सामान्य असती तर तिच्यातील उणिवेची चर्चा करण्याचे कारण नव्हते. ती थोर आहे, आणि राजकारणाविषयीची आपली समजूत बनविण्यात तिचा मोठा वाटा आहे, म्हणूनच हा प्रपंच.

दिगू टिपणीस सर्व पाहतो. कोण कोणास मिळाला, कोणी कोणास विकले, हे त्याला इतरांच्या आधी कळते. परंतु या ज्ञानाचे करावे काय, हे त्याला उमगत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो आणि ते हसू प्रेक्षकाच्या कानांत घरापर्यंत येते. संघटित कामगारही या चित्रात आहेत. पण ते डिकास्टा या पुढाऱ्याच्या पाठीमागचे बळ म्हणून. पुढाऱ्याने कोठे काय तडजोड केली, हे आपणांस दिसते. त्या कामगारांनी आपसांत काय ठरविले, हे दिसत नाही. सारांश, या सृष्टीत सिंहासन हलविण्याचे सामर्थ्य केवळ सिंहासनाभोवतीच्या माणसांत आहे. बाहेरच्याने एक तर त्यांच्या उपयोगी पडावे, नाही तर दिगूप्रमाणे हसावे.

हे चित्र खरे आहे काय? उत्तरासाठी फार दूर जावयास नको. बोलपट निघाला त्या काळात त्याच मुंबईच्या गोरेगाव उपनगरात मृणाल गोरे यांचे कार्य ऐन भरात होते. डॉक्टरीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या चळवळीत आल्या, १९६१ मध्ये महापालिकेवर आणि १९७२ मध्ये विधानसभेवर निवडून गेल्या. नळाच्या पाण्यासाठी लोकांना सोबत घेऊन त्यांनी पालिकेशी जो झगडा दिला त्यावरून ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांस लोकांनीच बहाल केले. १९७२ च्या महागाईत अहिल्या रांगणेकरांसारख्या सहकारिणींसह त्यांनी मध्यमवर्गीय व कामगार घरांतील स्त्रियांना हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. चूल ज्यांचे क्षेत्र समजले जाई, त्यांनी भावांचा जाब मंत्र्यांना विचारला.

पुढे प्रसंग आला तो याहून बिकट. ज्या काळात सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली मिळत असे, तेव्हा ते कोणास किती द्यावयाचे हे शासन ठरवी, आणि इमारती बांधणाऱ्यांचा सारा धंदा त्या वाटपावर अवलंबून असे. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या न्यासांना बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांस मिळालेले सिमेंट यांचा संबंध असल्याचा आरोप झाला. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. बातमी फुटली, म्हणजे दिगूचे काम झाले. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. मृणालताईंचे समाजवादी सहकारी प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला, आणि मुख्यमंत्र्यांस पायउतार व्हावे लागले. हा निर्णय म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. पण सिंहासन हलले ते दालनातील कटाने नव्हे. ‘सिंहासन’ पडद्यावर आल्यानंतर तीनच वर्षांत ते एका अर्जदाराने हलविले.

कोणी म्हणेल, कलावंताने काय दाखवावे हे टीकाकाराने ठरवू नये. हे आम्हांस मान्य आहे. १९७९ च्या कृतीला १९८२ चा जाब विचारणे हा तर अन्यायच. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या वास्तवाचे चित्र काढण्याचा या कृतीचा दावा आहे, त्यात पाण्याच्या रांगेतील बाई तेव्हाही होती. तिला गाळून काढलेले चित्र अधिक कठोर दिसते, पण अधिक खरे ठरत नाही. आणि तिला गाळण्याची सवय आपल्या राजकीय कादंबरीला तेव्हापासून जडली ती अजून पुरती सुटलेली नाही. निराशेला आपण वास्तवाचे दुसरे नाव मानून बसलो आहोत.

दिगूचे हसू सर्वस्वी खोटे मात्र नव्हे. १९५७ मध्ये टाटा पोलाद कंपनीच्या राजकीय देणग्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तोही एका भागधारकाच्या विरोधामुळे. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कंपनीस परवानगी दिली, पण हा पैसा उद्या लोकशाहीचा गळा आवळील, असा इशाराही दिला. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये अशा देणग्या बंदच केल्या, आणि १९८५ मध्ये पुन्हा दार उघडले. २०१७ मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकण्यात आली, आणि त्यापाठोपाठ निवडणूक रोख्यांच्या योजनेने देणाऱ्याचे नाव झाकले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे आणि अमर्याद देणगी, दोन्ही घटनाबाह्य ठरविले. तोपर्यंत सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. एक भोक बुजवावे तो दुसरे पडते, हे दिगूला ठाऊक असते.

पण ही यादी उलट बाजूनेही वाचता येते. १९५७ चा भागधारक, १९८२ चे सामंत, २०२४ मधील अर्जदार संस्था, यांपैकी कोणाच्याही हाती सत्ता नव्हती. त्यांच्या हाती होता तो प्रश्न विचारण्याचा अधिकार, आणि तो सोडावयाचा नाही हा हट्ट. न्यायालयांनी दिले ते मागणारा उभा होता म्हणून दिले. आणि मागणारा बळ मिळवितो ते सभेतून, मोर्चातून, शेजारपाजाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातून. अशा कामात शेवट गोड असतोच असे नाही, आणि नाट्य तर फारच थोडे. म्हणूनच कदाचित लेखकाला त्याचा मोह पडत नसावा.

‘सिंहासन’ आजही पाहावे, घरातील तरुण मुलामुलींना दाखवावे. दिगू हसू लागला म्हणजे त्यांनाही थोडा काटा यावा. मात्र दिवे लागल्यावर त्यांना हेही सांगावे की, त्याच शहरात, लोकलने तासाभराच्या अंतरावर, काही बायका हंडे आणि लाटणी घेऊन निघाल्या होत्या. त्यांनाही सगळे ठाऊक होते, आणि तरी त्यांना वेड लागले नाही. त्यांची कादंबरी अजून लिहावयाची राहिली आहे.