'कलम' : हस्ताक्षरासारखा फाँट कोठे वापरावा?

'कलम' हा देवनागरी-रोमन फाँट तुम्ही पोस्टरवर किंवा स्लाइडवर नक्की पाहिला असेल. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ साली खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून दिला. त्यातील देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी घडवली आहेत.

नाव कलम असले तरी बोरूच्या तिरप्या कापातून येणारा जाड-बारीक भेद यात नाही. रेघ जवळजवळ एकाच जाडीची आणि अक्षरे उजवीकडे चांगलीच कललेली आहेत. हे वळण बॉलपेनचे किंवा स्केचपेनचे, म्हणजे सुलेखनाचे नव्हे, तर वहीतले आहे. माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण. तो नटत नाही.

मात्र हस्ताक्षराचा आभास किती टिकतो ते तपासा. 'बबन' टाइप करा. दोन्ही 'ब' तंतोतंत सारखे दिसतील. हाताने लिहिताना असे होत नाही. एका अक्षराची अनेक रूपे ठेवून ती आलटून-पालटून वापरण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे, पण मात्रा आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीत हे काम फार वाढते. शिरोरेषेची अडचण तर खास आपलीच. हाताने ओढलेली रेघ शब्दाच्या शेवटी वर चढते किंवा खाली घसरते. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ पुढच्या कोणत्याही अक्षराशी जुळावी लागते, म्हणून तिला ठरलेली उंची सोडता येत नाही. दोन-तीन शब्दांत हे लक्षात येत नाही. पानभर मजकुरात डोळ्यांना खुपते.

म्हणून प्रकल्पाचा संपूर्ण अहवाल यात लावू नका. आकृतीवर बाण काढून 'येथे व्होल्टेज मोजा' असे लिहायचे असेल, समासात टीप द्यायची असेल, तर हा फाँट उत्तम. मुख्य मजकूर 'मुक्त'सारख्या सरळ फाँटमध्ये असला की बाजूने कोणीतरी समजावून सांगत आहे असे वाटते. आणखी एक. अक्षरे मुळातच तिरपी असल्याने यात इटॅलिकने भर देता येत नाही; सॉफ्टवेअर ती आणखी वाकवते आणि ती पडायला आल्यासारखी दिसतात. भर द्यायचा तर बोल्ड घ्या.

अक्षराचा सूर विषयाशी जुळला नाही तर काय होते? ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली. फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड कॉमिक सॅन्समध्ये होत्या आणि त्या फाँटची यथेच्छ थट्टा झाली. निष्कर्षांना त्याने बाध आला नाही. थट्टा मला अन्यायाचीच वाटते. पण तुमच्या सादरीकरणात हिग्ज बोसॉन नसणार, तेव्हा परीक्षकांचे लक्ष अक्षरांवर जास्तच जाईल.

कलमचा लाइट प्रकार प्रोजेक्टरवर फिका पडतो. स्लाइडसाठी रेग्युलर घ्या.