धावपट्टीवरच्या गायी

हेन्री किंग यांच्या ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’ (१९४९) या युद्धपटाची सुरुवात युद्धाने होत नाही. लंडनमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात हार्वे स्टोव्हॉल या चष्मेवाल्या प्रौढ माणसाला चेहऱ्याच्या आकाराचा एक मातीचा मग दिसतो. तो घेऊन तो आर्चबरी गावी जातो, सायकलने विमानतळ गाठतो. युद्ध संपून काही वर्षं झाली आहेत. धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलं आहे, आसपास गायी चरताहेत.

पुढे जे घडतं ते कानांनी पाहायचं. आधी वारा. मग कुठून तरी पुरुषांचं सामूहिक गाणं, इतकं पुसट की भास वाटावा. मग इंजिनांची घरघर वाढत जाते आणि गवत एकाएकी आडवं होतं. पडद्यावर विमान नाहीच. पंख्याचा वारा मात्र आहे. स्टोव्हॉल वर बघतो, कॅमेरा आभाळाकडे वळतो आणि आपण १९४२ मध्ये उतरतो. भूतकाळात जायला इथे धूसर पडदा लागत नाही, निवेदन लागत नाही. आडवं झालेलं गवत पुरतं. स्टोव्हॉल झालेल्या डीन जॅगर यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं आणि ध्वनिमुद्रणालाही. या प्रसंगासाठी मी दुसरं मोलाचं मानतो.

रसिक बहुधा त्या गवताबद्दल बोलतात. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसून हा प्रसंग पाहतो तेव्हा नजर गायींवर अडते. त्याचं कारण इथून फार लांब नाही. शिळफाट्यावरून काटई नाक्याकडे वळलं आणि बदलापूरच्या दिशेने गेलं की मलंगगडाच्या पायथ्याच्या बाजूला नेवाळी येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी लष्करी धावपट्टीसाठी घेतल्या, सुमारे १६०० एकर. युद्ध संपलं, विमानं गेली. शेतकरी भात पेरत राहिले. कागदावर मात्र जमीन संरक्षण खात्याकडे आणि पुढे नौदलाच्या ताब्यात. जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर परत मिळायची होती, असं शेतकरी सांगत आले. २०१७ च्या पेरणीच्या दिवसांत कुंपणभिंतीवरून वाद पेटला. २२ जूनच्या आंदोलनात गाड्या जळल्या, पोलिसांनी छर्रे झाडले, शेतकरी जखमी झाले, पोलीसही.

म्हणून आर्चबरीच्या त्या गायी मला नुसती पार्श्वभूमी वाटत नाहीत. आर्चबरी काल्पनिक आहे, पण इंग्लंडमधले युद्धकाळातले कितीतरी विमानतळ खरोखरच पुन्हा शेतीखाली आले. स्टोव्हॉल शांतपणे आठवणीत बुडू शकतो, कारण त्या धावपट्टीचा हिशेब मिटलेला दिसतो. गाय तिथे चरते म्हणजे जमीन गावाकडे परतली. दिग्दर्शकाला हे सांगायचं होतं असं मी म्हणणार नाही. पण नेवाळी माहीत असलेल्या प्रेक्षकाला ते ऐकू येतं, आणि चांगल्या कलाकृतीत अशा ऐकण्याला जागा असते.

चित्रपटाची मर्यादाही इथेच कळते. त्याच्या धावपट्टीला फक्त उडालेल्यांची आठवण आहे. विमानांच्या आधी तिथे कोण पेरत होतं, हा प्रश्न तिला पडत नाही. वैमानिकांच्या मनावरचा ताण हा त्याचा विषय आहे आणि तो त्याने कमालीच्या प्रामाणिकपणे मांडला आहे. तेवढ्यासाठी त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. तो दुसरा चित्रपट आपण करायचा आहे.

आगरी बोलीतला, नेवाळीच्या बांधावरून सुरू होणारा. त्याच्या ध्वनिपट्टीवर घरघरीच्या आधी भातलावणीची गाणी यावीत. मराठी दिग्दर्शकांनी हा विषय हाती घ्यावा, आणि लवकर घ्यावा: १९४० च्या दशकातली ती शेतं ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.