हत्यार विसरणं आणि हात विसरणं

मंडळी, मागच्या खेपेला आपण हायडेगरच्या हातोड्यापाशी थांबलो होतो. १९२७ च्या ग्रंथात तो दाखवतो, की काम करणाऱ्याचं लक्ष हातोड्याकडे नसतं, कामाकडे असतं. हातोडा मोडला, की मगच तो वस्तू म्हणून समोर येतो. यातून एक कसोटी निघाली: हातात आहे हे विसरायला लावतं, ते चांगलं हत्यार. आम्हीही ती वर्षानुवर्षं शिकवली. आज तीच तपासू.

त्यासाठी रोडपालीहून लांब जायला नको. शेजारी कळंबोलीचा लोखंड बाजार, पलीकडे तळोजा एमआयडीसी. लोखंडाच्या कामात ग्राइंडर हातोड्याइतकाच ओळखीचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. ते कंपन वर्षानुवर्षं सोसलं, की बोटांच्या नसा नि रक्तवाहिन्या दुखावतात. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतल्या चुनखडी घडवणाऱ्या कामगारांची थंडीत पांढरी पडणारी बोटं तपासली. ते हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरत. आपल्या उकाड्यात बोटं सहसा पांढरी पडत नाहीत. मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आता कसोटी लावा. बधिर हाताला हत्यार जाणवतच नाही. मग ते उत्तम म्हणायचं का? हायडेगरचा हातोडा मोडतो, म्हणून दिसतो. इथे ग्राइंडर धडधाकट राहतो नि हात मोडतो.

मुठीचंही तसंच. ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ नि चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. मोठी झेप होती ती. पण पिस्तूल क्षणभर झाडायचं, ड्रिल तासन्‌तास धरायचं. मुठीवर मऊ रबर चढवलं म्हणजे कंपन थांबलं, असं नाही. तोल बिघडलेलं हत्यार घट्ट आवळावं लागतं, आणि घट्ट मुठीतून कंपन जास्तच आत शिरतं. युरोपच्या २००२ च्या नियमात म्हणूनच वेळही धरला आहे. कंपन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर दिवसाला २ तासांतच मालकाने उपाय करण्याची पातळी गाठली जाते. कंपन दुप्पट झालं, तर अर्ध्या तासात.

तेव्हा आमची जुनी कसोटी अपुरी होती, हे कबूल करू. दुकानात दोन मिनिटं धरून हत्यार पारखू नये. पाळी संपल्यावर त्या हाताला सदऱ्याचं बटण सहज लावता येतं का, ते विचारावं. खंडेनवमीला आपण हत्यार पुजतो. ते धरणारा हातही त्या दिवशी एकदा पाहू या.