आधी गाणं, मग मरण: ‘ला मोम’ पाहताना

एदित पियाफवरचा ‘ला मोम’ (दिग्दर्शक ऑलिव्हिए दाहाँ, 2007) तुम्ही कदाचित ‘ला वी आँ रोझ’ या नावाने पाहिला असेल. मारियों कोतियारला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. फ्रेंच भाषेतल्या भूमिकेसाठी कुणाला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिळण्याची ही पहिलीच वेळ. तिचा अभिनय थक्क करणारा आहे, यावर वाद नाही. माझा वाद आहे तो पटकथेशी.

चित्रपटातला सगळ्यात गाजलेला प्रसंग आठवा. न्यूयॉर्कमध्ये पियाफ झोपेतून उठते. तिचा प्रियकर, मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दाँ, आलेला असतो. ती त्याच्यासाठी कॉफी आणते, त्याला द्यायचं घड्याळ शोधते. घरातली माणसं मात्र गप्प आहेत. मग कळतं, मार्सेलचं विमान कोसळलंय. तिने पाहिला तो भास होता. ती आक्रोश करत बोळातून जाते आणि बोळ संपतो तिथे थेट रंगमंच! ‘इम्न आ लामुर’ सुरू होतं. सगळं एका अखंड शॉटमध्ये. अंगावर काटा येतो.

आता तारखा बघू. विमान कोसळलं 28 ऑक्टोबर 1949 ला. पियाफने हे गाणं पहिल्यांदा गायलं ते 14 सप्टेंबर 1949 ला, न्यूयॉर्कच्या ‘व्हर्साय’ कॅबरेमध्ये. म्हणजे मार्सेल जिवंत असताना. शब्द तिचेच, चाल मार्गरित मोनोची. मार्सेल गेला त्या रात्रीही ती गायली हे खरंय. पण ते गाणं त्या दुःखातून जन्मलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, तारखा इकडेतिकडे होणारच. मान्य. म्हणूनच चरित्रपटांचा अभ्यास करताना मी ‘चूक की बरोबर’ असं विचारत नाही. कागदावर दोन रकाने करते: एकात घटना जशा घडल्या तो क्रम, दुसऱ्यात पडद्यावर येतात तो क्रम. मग विचारते, या हलवाहलवीतून काय सिद्ध होतं?

इथे दुसरा रकाना खूप बोलका आहे. पियाफची मुलगी मार्सेल 1935 मध्ये मेंदूज्वराने गेली, तेव्हा आईला कुणी ओळखतही नव्हतं. चित्रपट हा मृत्यू दडवून ठेवतो आणि शेवटाकडे, पियाफ मरणशय्येवर असताना, उघड करतो. जर्मनव्याप्त फ्रान्समधली वर्षं जवळजवळ गायब. त्या काळात ती गात होती, जर्मनीतल्या युद्धकैद्यांसमोरही गायली. पण त्यातले अवघड प्रश्न जखम-आणि-गाणं या साच्यात बसत नाहीत.

डेनिस बिंगहॅम या अभ्यासकाने 2010 च्या पुस्तकात चरित्रपटांबद्दल मांडलेला मुद्दा असा: पुरुषांच्या चरित्रपटांचा भर कर्तृत्वावर, बायकांच्या चरित्रपटांचा सोसण्यावर. ‘ला मोम’ त्याचं जवळजवळ आदर्श उदाहरण ठरतं. गायकीमागची मेहनत ठसठशीत दिसते ती रेमों आसो तिला शब्दोच्चार आणि हातवारे शिकवतो तेव्हा. म्हणजे कष्ट दिसतात तेव्हा ती कुणाची तरी विद्यार्थिनी असते. ज्या गाण्याचं नाव या चित्रपटाला परदेशात मिळालं, त्याचेही शब्द तिचेच. पण कागद-पेन घेऊन शब्द जुळवणारी पियाफ पाहून झाल्यावर आठवते का तुम्हाला? मला नाही आठवत.

यात बिघडलं काय? बिघडतं ते असं, की प्रतिभा ही अपघातासारखी होऊन जाते: दुःख आलं, गाणं बाहेर पडलं. निवड करणारी, ओळ खोडून पुन्हा लिहिणारी, संगीतकाराबरोबर बसणारी बाई पुसली जाते. उरते ती फक्त रडणारी बाई. तिचा आवाज ऐकू येतो (बरीचशी गाणी पियाफच्याच मूळ ध्वनिमुद्रणातली आहेत), कसब मात्र दिसत नाही.

तरीही चित्रपट बघाच. तो बोळातला प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा रडू आलं तर येऊ द्या. दुसऱ्यांदा, ती रंगमंचावर पोहोचते तेव्हा, एवढंच लक्षात ठेवा: हे गाणं तिने आधीच लिहून ठेवलं होतं, जिवंत माणसावरच्या प्रेमाचं.