‘जबडाहीन मत्स्य’ : एका नकारार्थी संज्ञेची चिकित्सा

प्राणिशास्त्राच्या मराठी लेखनात व अध्यापनात ‘ॲग्नॅथा’ आणि ‘सायक्लोस्टोमाटा’ या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींचे पर्याय म्हणून वावरतात. पहिलीसाठी ‘अहनु’, ‘जबडाहीन’, ‘जबडाविरहित’ अशा घडणीचे शब्द योजिले जातात, दुसरीसाठी ‘चक्रमुखी’ वा ‘गोलमुखी’. आणि मग ‘जबडाहीन अथवा चक्रमुखी मत्स्य’ असे म्हणून विवेचन पुढे सरकते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या ‘अथवा’वर आहे. या दोन शब्दांचा अर्थ एक नाही आणि आज त्यांचे शास्त्रीय मोलही एक राहिलेले नाही. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्रज्ञ नव्हे, भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. तथापि कोणत्या साम्याच्या बळावर अनेकांस एका कुळात बसवावे हा प्रश्न दोन्ही शास्त्रांस समान आहे, आणि तेवढ्यापुरता हा अधिकार घेतला आहे.

हा काथ्याकूट कोणासाठी, असे कोणी विचारील. बीड जिल्ह्यातील चौसाळ्याहून पदवीच्या वर्गात येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. बालाघाटाच्या डोंगरांतच उगम पावणाऱ्या मांजरेतील मरळ आणि वाम हे मासे त्याच्या परिचयाचे असू शकतात. लॅम्प्री मात्र त्यास जिवंत दिसणे नाही. तो समशीतोष्ण प्रदेशांतला प्राणी, भारताच्या एकाही नदीत तो नाही. दुसरा हॅगफिश, तो केवळ समुद्राचा, बहुधा खोल पाण्याचा रहिवासी. या विद्यार्थ्याला दोघांचे दर्शन घडायचे ते प्रयोगशाळेतील बरणीत, फिकट पडलेल्या नमुन्याच्या रूपाने. जी वस्तू अनुभवात नाही तिच्याविषयी शब्द जे सुचवील तेच ज्ञान ठरते. लॅम्प्रीस ‘वामेसारखा मासा’ म्हणून कोणी समजावून दिले, तर लांबट व निसरडे शरीर एवढेच मनात राहते. वामेस जबडे आहेत, बारीक खवले आहेत, छातीचे पर आहेत आणि लॅम्प्रीस यांतले काहीच नाही, हे बाजूस पडते.

आता शब्दांकडे वळू. ‘हनु’ हा शब्द मराठीत ‘हनुवटी’च्या रूपाने आणि मारुतीच्या नावात जिवंत आहे, म्हणून ‘अहनु’ अगदीच परका नव्हे. व्याकरणदृष्ट्या तो नञ्-बहुव्रीही: ज्याला हनु नाही तो. परंतु नसणे दोन प्रकारचे असते. कधी वस्तू मुळात आलेलीच नसते, कधी येऊन गेलेली असते. ‘बोळके’ हा आपला शब्द दात न आलेल्या तान्ह्या मुलाच्या तोंडासही चालतो आणि दात पडलेल्या आजीच्या तोंडासही. मराठी येथे भेद करीत नाही, कारण दोन्ही तोंडे आपल्यासमोर असतात. शास्त्रीय संज्ञेला ही चैन परवडत नाही. ‘हीन’ आणि ‘विरहित’ ही पदे तर स्पष्टपणे हिरावले जाण्याकडे झुकतात. ‘हीन’मध्ये कमीपणाची छटाही आहे. वस्तुतः लॅम्प्रीच्या पूर्वजांना जबडा कधी होता असे मानण्यास आधार नाही. जबडा ही नंतरच्या एका शाखेची मिळकत आहे.

याहून गंभीर दोष पुढे आहे. अभाव हा नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. भाषाकुळांच्या अभ्यासात ब्रुगमान यांनी १८८४ मध्ये मांडलेला दंडक असा, की दोन भाषांनी जुने काही जपून ठेवले म्हणून त्यांची जवळीक सिद्ध होत नाही. दोघींनी मिळून काही नवे केले असेल तरच ती सिद्ध होते. मराठी आणि गुजराती या दोघींनी नपुंसकलिंग राखले, हिंदीने ते सोडले. तेवढ्यावरून पहिल्या दोघींचे स्वतंत्र उपकुळ कल्पिता येत नाही. इंडो-युरोपीय भाषांचे ‘केंतुम’ व ‘सतम’ असे दोन भाग एके काळी पूर्व-पश्चिम शाखा म्हणून शिकविले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियात तोखारी सापडली. ती पूर्वेकडील असून तिने मूळचा कंठ्य वर्ण केंतुम भाषांप्रमाणेच राखला होता. केंतुम हा गट राखणाऱ्यांचा जमाव होता, कुटुंब नव्हे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ व्हिली हेनिग यांनी १९५० मध्ये प्राण्यांच्या वर्गीकरणास हाच दंडक काटेकोरपणे लावला. कोप यांनी १८८९ मध्ये रूढ केलेली ‘ॲग्नॅथा’ ही संज्ञा या कसोटीस उतरत नाही. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे, डोक्यावर अस्थिमय ढाल असलेले सेफालास्पिस व त्याचे सोबती घ्या: त्यांना जबडा नव्हता, पण छातीचे जोडपर होते आणि हाडांत अस्थिपेशी होत्या. जबड्याच्या अभावामुळे त्यांना लॅम्प्रीच्या पंगतीस बसविण्यात आले. नात्याने मात्र ते लॅम्प्रीपेक्षा शार्कला, आणि म्हणून आपल्यालाही, जवळचे आहेत.

मग ‘चक्रमुखी’चे काय? या संज्ञेचा इतिहास विलक्षण आहे. लिनियस यांनी १७५८ मध्ये हॅगफिशला कृमींत घातले आणि लॅम्प्रीला उभयचरांत. दोघांची भेटही होऊ दिली नाही. लॅम्प्रीचे चिखलात पुरून राहणारे, पाणी गाळून खाणारे आंधळे डिंभ तर स्वतंत्र प्राणी समजले जात. ते लॅम्प्रीचेच रूप असल्याचे १८५६ मध्ये आउगुस्ट म्यूलर यांनी दाखविले. ड्युमेरील यांनी १८०६ मध्ये दोघांस एकत्र आणले. स्टेन्सिओ यांनी १९२७ मध्ये जीवाश्मांच्या कवट्या बारकाईने अभ्यासून त्यांना पुन्हा फोडले: एकाचे पूर्वज वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. १९७० नंतर लोवट्रुप प्रभृतींनी लॅम्प्री जबडेवाल्यांना जवळचा आणि हॅगफिश दूरचा ठरविला. हॅगफिशला पाठीचे मणके नाहीत हा त्यात मोठा मुद्दा होता. पुन्हा अभावच! पुढे रेणूंच्या पुराव्याने पारडे फिरविले. १९९२ पासूनचे जनुकीय अभ्यास, २०१० मधील सूक्ष्म आर.एन.ए.चे संशोधन आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हॅगफिशचा संपूर्ण जीनोम या सर्वांनी दोघांचे एकच कुळ ठरविले. २०११ मध्ये जपानी संशोधकांना हॅगफिशच्या शेपटीकडील भागात मणक्यांचे अवशेषही आढळले. येथे मात्र अभाव होता तो ‘येऊन गेलेल्या’ प्रकारचा.

म्हणजे ‘चक्रमुखी’ हे खरे कुळ आहे: सुमारे चाळीस-पंचेचाळीस जातींचे लॅम्प्री आणि ऐंशीच्या आसपास हॅगफिश. त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणून बरेच आहे. पिशवीसारखे कल्ले आहेत. शृंगद्रव्याचे दात बसविलेली, पुढेमागे सरकून मांस खरवडणारी जीभ आहे. ‘बोळके’ त्यांस म्हणता येणार नाही! रोगप्रतिकाराची व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. आपल्या शरीरातील प्रतिपिंडे ज्या प्रथिनांपासून घडतात ती त्यांच्याकडे नाहीत. त्याऐवजी निराळ्याच प्रथिनांचे तुकडे जुळवून ते असंख्य प्रकारचे ग्राहक घडवितात, असे २००४ मध्ये उघड झाले. ‘जबडाहीन’ म्हणून ज्यांची बोळवण केली, त्यांनी एक दुसरेच यंत्र उभारले आहे. नकारार्थी संज्ञा ही मिळकत झाकून टाकते.

‘चक्रमुखी’ हा शब्दही निर्दोष नाही. गोल, चोषक तोंड लॅम्प्रीचे. हॅगफिशचे तोंड गोल नसून त्याभोवती मिशा असतात. परंतु हा दोष सोसण्याजोगा आहे. आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद सांगितले आहेत. चिखलात जन्मणारे सगळेच ‘पंकज’ नव्हेत, तरी कमळाला तो शब्द शोभतो. ‘चक्रमुखी’ कुळाचे नाव म्हणून रूढ करावा आणि व्युत्पत्तीची मर्यादा एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे. ‘अहनु’ ठेवावयाचाच, तर तो केवळ अवस्थादर्शक विशेषण म्हणून, ‘अहनु अवस्था’ अशा प्रयोगात ठेवावा. वर्गनाम म्हणून नव्हे. ‘हीन’ आणि ‘विरहित’ दोन्ही सोडावेत.

एक गाठ मात्र सुटावयाची राहते. हिमालयातील स्पितीच्या व काश्मीरच्या खडकांत कोनोडाँट नावाचे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म मिळतात आणि थरांचा काळ ठरविण्यास ते फार उपयोगी पडतात. हे दात कोणाचे, हे कोडे एकोणिसाव्या शतकापासून होते. १९८३ मध्ये स्कॉटलंडमधील एका जीवाश्माच्या वर्णनाने ते बऱ्याच अंशी सुटले. तो लांबट, मऊ शरीराचा, जबडा नसलेला प्राणी होता. काही अभ्यासक त्यास चक्रमुखींच्या नात्यात ठेवतात, काही जबडेवाल्यांच्या वाटेवर. मराठीत त्यास ‘शंकुदंत’ म्हटले तर नाव दातावरून पडेल, अभावावरून नव्हे; निकाल कोणत्याही बाजूस लागला तरी ते बदलावे लागणार नाही.