चौरस फुटावरची अक्षरं

बीड, परळी, गेवराई, माजलगाव, चौक कुठलाही घ्या, वाढदिवसाच्या बॅनरची मांडणी ठरलेली असते. वरच्या पट्टीत महापुरुष, त्यांच्याखाली राज्यपातळीवरचे नेते गोलात, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे. मधोमध उत्सवमूर्ती, हात जोडून किंवा फोन कानाला लावून चालत आलेली. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, कधी तीस, कधी साठ. डिझाइनचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस हे पाहून नाक मुरडतो. मोकळी जागा नाही, रंग भडक, नजर कुठे ठरत नाही, असं त्याचं म्हणणं असतं.

ही टीका खोटी नाही, पण अपुरी आहे. या फलकाचं काम नजर ठरवण्याचं नसतंच मुळी. ते मानपानाचं असतं. कुणाचा फोटो कुणाच्या शेजारी चालतो, कुणाचा चालत नाही, कुणाचा गोल कुणापेक्षा बोटभर मोठा हवा, कुणाच्या नावामागे ‘मा.’ पुरतं आणि कुणाला ‘लोकनेते’ लागतं, हे सगळं बॅनर करणाऱ्या मुलाला पाठ असावं लागतं. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. राजकीय विश्लेषकांनी त्यावर पानं भरली, पण त्या फुटीचा खरा हिशेब फ्लेक्सच्या दुकानांतल्या संगणकांवर झाला, कारण वरची अख्खी पट्टी नव्यानं लावावी लागली. कोण कुठे गेला याची खात्री करूनच फाइल छपाईला सोडायची. साठ चेहरे एका आयतात बसवून एकालाही नाराज न करणं हे रचनेचंच कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही कला महाविद्यालयात शिकवत नाहीत.

या कौशल्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. बॅनरचा दर चौरस फुटाचा असतो. दहा बाय वीस म्हणजे दोनशे फूट, गुणिले दर, वर फ्रेम आणि लावणावळ. डिझाइन त्यात ‘फ्री’. लग्नपत्रिकेचंही तेच. कार्डाचा भाव नगावर, छपाईचा शेकड्यावर. मजकुराची जुळणी, आत्या-मामांच्या नावांचा क्रम, चार वेळा बदललेलं प्रूफ, हे सगळं त्या शेकड्यात विरघळून जातं. ग्राफिक डिझाइनमध्ये तीस-पस्तीस वर्षं समाधानानं कशी काढावीत, यावर मोठ्या शहरांत व्याख्यानं होतात. प्रेरणा कशी टिकवावी, नवं कसं शिकत राहावं, वगैरे. बीड जिल्ह्यात हा प्रश्न बिलापासून सुरू करावा लागतो. ज्या कामाला बिलात ओळच नाही, त्यात माणूस म्हातारा कसा होणार?

इथल्या डिझाइनरचा प्रवास बहुधा असा असतो. बारावीनंतर एखाद्या दुकानात दुसऱ्याच्या शेजारी बसून कोरलड्रॉ आणि फोटोशॉप शिकायचं. चार-पाच वर्षांत हात बसतो, वेग येतो. तिशीच्या आसपास कर्ज काढून स्वतःचं मशीन घ्यायचं. तिथून पुढे तो डिझाइनर राहत नाही, मशीनमालक होतो. हप्ता, शाईचे डबे, बिघडलेलं हेड, उधारी वसूल करायला चकरा. कोरलवर दुसरा पोरगा बसतो. म्हणजे या धंद्यात बढती मिळाली की पहिल्यांदा डिझाइनच सुटतं. ज्याला मशीन घेता येत नाही तो पुणं गाठतो. पन्नाशीचा डिझाइनर दुकानात शोधून सापडत नाही, आणि सापडलाच तर लोक हळूच म्हणतात, ‘अजून कॉम्प्युटरवरच बसतोय.’

पेंटरचं तसं नव्हतं. फ्लेक्स मराठवाड्यात पसरला तो एकविसावं शतक लागल्यावर. त्याआधी सुताला खडू लावून पत्र्यावर रेघ मारायची आणि ब्रशानं अक्षर काढायचं, असा हा उद्योग होता. त्यात वयानं किंमत वाढायची. पन्नाशीचा पेंटर उस्ताद असायचा, त्याच्या हाताखाली दोन-तीन पोरं पार्श्वरंग भरायची आणि शेवटचा फटकारा तो स्वतः मारायचा. एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत चालत गेलं की ‘श’ आणि ‘क्ष’च्या वळणावरून पाटी कुणाच्या हातची ते जाणत्याला कळायचं. आणि कोपऱ्यात सही असायची. दुकानाच्या पाटीवर दुकानदाराइतकंच पेंटरचंही नाव.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे इथे नागरी आणि नस्तालीक या दोन्ही लिप्या शेजारी नांदल्या. दोन्ही वळणं हाताला असणं ही इथल्या पेंटरची खासियत असायची. आज बीडच्या बशीरगंज, मोमीनपुऱ्याकडे उर्दू मजकूर इनपेजमध्ये टाइप होतो आणि तिथून कोरलमध्ये उचलला जातो. सोय झाली, यात वाद नाही. पण उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ आणि डावीकडून उजवीकडे जाणारी ओळ एकाच पाटीवर कशी तोलायची, ही जी समज हातात होती ती आता फाइलमध्ये उतरताना दिसत नाही. पुष्कळदा दोन्ही ओळी एकमेकींना न विचारता नुसत्या वर-खाली ठेवलेल्या असतात. जे पेंटर टिकले ते शाळांच्या ‘बोलक्या भिंतीं’कडे आणि मंदिरांच्या रंगकामाकडे वळले.

पाट्या-पोस्टरच्या बाबतीत कायद्याचं वागणं मोठं मजेशीर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. ते ज्यानं मांडलं त्याच्या नावाची कायद्यालाही गरज वाटत नाही. राज्यानं २०२२ मध्ये दुरुस्ती करून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये असंही सांगितलं. आकार मोजता येतो म्हणून आकाराचा नियम झाला. त्यामुळे पाट्या मराठी झाल्या आणि त्यातल्या कितीतरी इंग्रजी नावं कशीतरी देवनागरीत बसवून, आडवी ताणून, मोठ्या झाल्या.

अक्षर आडवं ताणणं हा माझ्या मते या जिल्ह्यातल्या आजच्या कामाचा सर्वांत मोठा दोष आहे, भडक रंगांहूनही मोठा. जागा रुंद आहे म्हणून अक्षराचे दोन्ही कान धरून ओढायचे, की उभा दंड जाड होतो, शिरोरेषा बारीक राहते आणि अक्षराची ठेवण मोडते. याला डिझाइनर एकटा जबाबदार नाही. अनेक दुकानांत अजून कोरल आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या चालतात. त्यांत युनिकोड देवनागरी नीट जुळत नाही, रफार भलतीकडे जातो, जोडाक्षर फुटतं. म्हणून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट वापरायचे, आणि त्यांतही हाताशी असलेले पाच-सहाच. मग विविधता आणायला उरतं काय? ताणणं, बाहेरून जाड कड लावणं, सोनेरी रंग ओतणं. एक टाइपनं केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ यांच्यासारखे उत्तम देवनागरी फाँट फुकट उपलब्ध होऊन वर्षं लोटली आहेत. फुकट वस्तूही तालुक्याला पोहोचायला चालू आवृत्तीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याचं भाडं चौरस फुटाच्या दरातून निघत नाही.

याच जिल्ह्यात कापडावरच्या अक्षरांचा एक जुना नमुना आहे, आणि त्याची आठवण कुठल्याही फ्लेक्सवाल्याला करून द्यायला हवी. अंबाजोगाईचे दासोपंत, १५५१ ते १६१५. त्यांनी ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिला, आकृत्यांसह. तीच ती पासोडी. भक्तीचा आणि ओव्यांच्या काव्यगुणांचा भाग अभ्यासक पाहतील. मांडणीच्या नजरेनं पाहिलं तर मोठ्या कापडी पृष्ठावर अवघड विषय उलगडून दाखवण्याचा हा प्रचंड प्रयोग आहे. मजकूर आणि आकृती एकमेकांना धरून चालतात, वाचणाऱ्याला कापडाबरोबर सरकावं लागतं. याच दासोपंतांबद्दल परंपरा सांगते की ते रोज एका ढब्बू पैशाची शाई संपेल इतकं लिहीत. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानतात, तेव्हा शाईचा हिशेब अगदीच अविश्वसनीय नाही. कामाचं माप शाईचं होतं, कापडाचं नव्हे. दासोपंतांना अर्थातच गिऱ्हाईक नव्हतं आणि हप्ताही नव्हता, हे विसरून त्यांचा आदर्श कुणापुढे ठेवणं अन्यायाचं होईल.

गिऱ्हाईक असूनही ज्यांनी आयुष्यभर अक्षर सोडलं नाही, अशांची उदाहरणं मुंबईत आहेत. कमल शेडगे १९३५ चे, गेले २०२० मध्ये. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी, आणि त्याबरोबर पाच दशकांहून अधिक काळ मराठी नाटकांची, मासिकांची, पुस्तकांची नावं त्यांनी रेखाटली. नाटकाचा बाज जाहिरातीतल्या चार-पाच अक्षरांतून कळावा, एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. कंटाळा आला नसेल का? त्यांचं काम एकत्र पाहिलं की उत्तर मिळतं. दर वेळी नाव वेगळं, त्यामुळे अडचण वेगळी. ‘ऊ’चं शेपूट एका नाटकात अडथळा होतं आणि दुसऱ्यात तेच रचनेचा कणा होतं. पण शेडग्यांना रंगभूमी होती, रोज जाहिराती छापणारी वर्तमानपत्रं होती, आणि अक्षराकडे पाहून ‘हे शेडग्यांचं’ म्हणणारा वाचक होता. चिकाटी त्यांची, मैदान मुंबईचं.

र. कृ. जोशी यांची तऱ्हा वेगळी. उल्का या जाहिरात संस्थेत दोन दशकं, मग पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन, आणि उतारवयात संगणकासाठी अक्षरं. विंडोजबरोबर घराघरांत गेलेला ‘मंगल’ त्यांचा. दर पंधरा-वीस वर्षांनी त्यांनी पोट भरायची जागा बदलली, विषय बदलला नाही. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या अच्युत पालवांनी मोडीच्या अभ्यासापासून सुरुवात करून सुलेखन हाच स्वतंत्र व्यवसाय उभा केला आणि शिकवणंही. हे तिघे आठवले तर एक गोष्ट लख्ख दिसते. यांच्यातला कुणीही ‘सगळं करून देतो’ म्हणत नव्हता. बीडच्या दुकानावरची पाटी मात्र नेमकं तेच सांगते: बॅनर, लग्नपत्रिका, बिलबुक, मग, टी-शर्ट, स्टिकर, रेडियम, रबरी शिक्के. छोट्या गावात एका गोष्टीवर पोट चालत नाही हे मान्य. पण सगळं करणाऱ्याला कुठलीच एक गोष्ट वयाबरोबर मुरवता येत नाही, हेही खरं.

वर्षाचं गणितही त्याच्या हातात नसतं. ऊसतोडीला जिल्ह्यातून लाखो माणसं दिवाळीच्या सुमाराला बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यामुळे लग्नपत्रिकांचा लोंढा उन्हाळ्यात एकदम येतो. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, गणपती, नवरात्र, दसरा मेळावा, परळीकडे १२ डिसेंबरची गोपीनाथ मुंडे जयंती, आणि मध्ये निवडणुका. त्या दिवसांत रात्र-रात्र जागायचं, सॉल्व्हंट शाईच्या वासात, आणि नंतरचे पंधरा दिवस माश्या मारायच्या. गर्दीत विचार करायला वेळ नसतो म्हणून तयार पीएसडी फाइल उचलली जाते, फोटो बदलला जातो. आता तेवढंही काम गिऱ्हाईक मोबाइलवरच्या ॲपमध्ये स्वतः करतं. एआयला देवनागरी जोडाक्षरं नीट येत नाहीत असं समजून काही जण निश्चिंत आहेत. त्या भरवशावर फार दिवस काढता येणार नाहीत. फुकटात दिलं जाणारं डिझाइन सर्वांत आधी जाईल, कारण ते फुकट मिळतं हे आपणच गिऱ्हाइकाला वीस वर्षं शिकवलं.

फ्लेक्सच्या पायाखालची जमीनही सरकते आहे. सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबाबत कडक निकाल दिला. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. चौकातल्या बॅनरची संख्या यानं किती घटली ते चौकात उभं राहूनच ठरवावं, पण तीस वर्षांचं आयुष्य या एकाच कापडावर बेतणं शहाणपणाचं नाही.

मग बेतायचं कशावर? जिल्ह्यात एक काम डोळ्यांसमोर आहे. बालाघाटाच्या डोंगरातल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे नाव, आणि नाव म्हणजे अक्षर, चिन्ह, खोकं, त्यावरचा मजकूर. शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बचतगटांच्या चटण्या-पापड आहेत, ज्वारीचे पदार्थ आहेत. या कामात चौरस फूट चालत नाही. खोक्याची घडी कुठे पडते, ओलाव्यात कोणती शाई टिकते, पुण्याच्या गिऱ्हाइकाला काय वाचायचं असतं, हे शिकायला वर्षं लागतात आणि शिकलेलं वाया जात नाही. एक गिऱ्हाईक दहा वर्षं टिकलं तर त्याच्या खोक्याबरोबर डिझाइनरही मोठा होतो. शिवाय इथे मांडणीचे वेगळे पैसे मागता येतात. बिलात ‘छपाई’ आणि ‘मांडणी’ अशा दोन ओळी लिहायच्या. ‘हे मांडणीचे कसले?’ असं विचारलं जाणारच. वाढदिवसाच्या बॅनरवाल्याला ते समजावून सांगण्यात अर्थ नाही, त्याला संध्याकाळी बॅनर हवा असतो. खोकेवाल्याकडे वेळ असतो, फक्त तो आधी गाठावा लागतो. सीताफळ बाजारात येतं पावसाळा सरता सरता. खोक्याचं काम त्याच्या दोन-तीन महिने आधी धरायला हवं, म्हणजे लग्नपत्रिका संपल्यानंतर आणि गणपतीचे बॅनर सुरू व्हायच्या आधी, जेव्हा दुकानात एरवी माश्या मारत बसावं लागतं.