बोरेट खनिजे, सजल : रामन वर्णपटीय परीक्षण
चं. व्यं. रामन व का. श्री. कृष्णन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या रामन परिणामाचा उपयोग सजल बोरेट खनिजांच्या संरचनाभ्यासात विपुल होतो. त्यावरून काढलेली अनुमाने कितपत ग्राह्य धरावीत, हे टाकणखाराच्या उदाहरणावरून चांगले कळते.

सोनार डागकामात वापरतात तो हा क्षार. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या रेणुसूत्रात पाण्याचे दहा रेणू दाखविलेले असत. वस्तुतः त्यातील पाणी आठच रेणूंचे असून उरलेला भाग चार हायड्रॉक्सिल गटांच्या रूपाने बोरेट आयनातच बांधलेला असतो. या आयनात दोन बोरॉन अणूंभोवती ऑक्सिजनाचे त्रिकोण व दोहोंभोवती चतुष्फलक असतात. पाण्याचे रामन प्रकीर्णन दुर्बल असल्याने त्याचे पट्ट बोरेटाच्या पट्टांना झाकून टाकीत नाहीत. अवरक्त वर्णपटाच्या तुलनेत हा मोठाच लाभ होय. शिवाय नमुना अल्प पुरतो व त्याची पूड करावी लागत नाही.

अडचण पट्टांचा अर्थ लावताना येते. त्रिकोणी गटाचे सममित ताण-कंपन सु. ९६० ते ८९० प्रती सेंमी. आणि चतुष्फलकी गटाचे ८९० ते ७४० प्रती सेंमी. या मर्यादांत मानण्याचा प्रघात आहे. परंतु ज्यात केवळ त्रिकोणच आहेत अशा बोरिक अम्लाचा ठळक पट्ट सु. ८८० प्रती सेंमी. येथे येतो, म्हणजे नियमाप्रमाणे तो चतुष्फलकाचा ठरावा! टाकणखाराचा सर्वांत तीव्र पट्ट (सु. ५७५ प्रती सेंमी.) तर कोणत्याही एका गटाचा नसून सबंध वलयाच्या स्पंदनाचा मानला जातो. तेव्हा सारणीशी आकडे ताडून नावे देणे म्हणजे संरचना सिद्ध करणे नव्हे.

हायड्रॉक्सिलाच्या रुंद पट्टाचे गणिताने अनेक घटक पाडून प्रत्येकावरून हायड्रोजन बंधाची लांबी काढण्याची पद्धत याहून शंकास्पद आहे. त्यासाठी वापरला जाणारा, लिबोवित्स्की यांनी १९९९ मध्ये मांडलेला संबंध अवरक्त मापनांवर आधारलेला असून त्यातील बिंदूंचे विखुरणेही लक्षणीय आहे. घटकांची संख्या पुष्कळदा अभ्यासकाच्या मर्जीवर ठरते. तीमधून निघालेल्या लांबीला दोन दशांश स्थळे देणे धाडसाचे आहे. टाकणखारातील हायड्रोजनांची स्थाने १९७८ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने निश्चित झाली असल्याने तेथे पडताळा घेता येतो. दुर्मिळ खनिजांबाबत बहुधा तशी सोय नसते.

याला उपाय आहेत, पण ते कष्टाचे असल्याने टाळले जातात. जड पाण्यातून स्फटिक वाढविल्यास हायड्रॉक्सिलाचे पट्ट सु. १.३५ पटीने खाली सरकतात व ओळखू येतात. बोरॉनाचे १० व ११ वस्तुमानांकांचे समस्थानिक आलटून पालटून वापरल्यास, ज्या कंपनात बोरॉन अणू स्थिर राहतो त्याचा पट्ट जागचा हलत नाही. बोरॉन हलतो ती कंपने मात्र सरकतात. त्रिकोणी व चतुष्फलकी बोरॉनांचे प्रमाण तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने अधिक खात्रीने मिळते. लेसर शलाकेची शक्तीही नोंदविणे अगत्याचे आहे, कारण उष्णतेने टाकणखारातील पाणी निघून जाऊन त्याचे टिंकॅल्कोनाइट बनते आणि मापन भलत्याच खनिजाचे होते.